न सुटणारा बोल्ट

बोल्ट गोल होतो तेव्हा डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. पान्यावरचा ताण एकाएकी नाहीसा होतो, हात झटक्यात पुढे जातो आणि बोटांची सालटी समोरच्या पत्र्यावर निघतात. क्षणभर वाटतं, सुटला. बॅटरीचा उजेड टाकून पाहावं तर डोक्याचे कोपरे झिजलेले आणि बोल्ट जिथल्या तिथे. आता त्याच्यावर पाना धरणार नाही. दहा मिनिटांचं काम दुपारभर चालणार, आणि गाडीचा मालक मध्ये दोनदा फोन करून विचारणार, ‘झाली का हो?’

गाड्यांवर आपल्याकडे लिहिलं जातं ते नव्या मॉडेलांवर, मायलेजवर, हल्ली बॅटरीच्या गाड्यांवर. गॅरेजातल्या माणसाचा दिवस मात्र हा बोल्ट खातो. क्लचप्लेट बदलणं, टायमिंग बेल्ट घालणं ही मोठी कामं खरी, पण ती किती वेळात होतील हे मिस्त्री सकाळीच सांगू शकतो. गंजलेला बोल्ट किती वेळ घेईल हे कुणालाच सांगता येत नाही. तिथे हाताचा अंदाज लागतो, थांबायची तयारी लागते, आणि यातलं काहीही बिलावर लिहून येत नाही. रत्नागिरी, चिपळूण आणि कोल्हापूरच्या गॅरेजांत मी बसलो ते हे काम पाहायला. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तिची नोंद कुठेतरी व्हावी असं वाटत आलं आहे.

रत्नागिरीपासून सुरुवात करायचं कारण सरळ आहे. समुद्र, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यात मासळीची वाहतूक. मिरकरवाडा बंदरातून माल भरून निघालेले टेम्पो आंबा घाटाने कोल्हापूरच्या अंगाला जातात. वाटेत बर्फ वितळतो, आणि मासळीचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर, स्प्रिंगच्या पाट्यांवर, ब्रेकच्या पाइपांवर गळत राहतं. असा टेम्पो गॅरेजच्या खड्ड्यावर उभा राहिला की खालून पाहताना नट कुठे संपतो आणि बोल्ट कुठे सुरू होतो हे ओळखू येत नाही. सगळं एकाच तपकिरी खपलीखाली गेलेलं असतं. पाटे धरून ठेवणारे यू बोल्ट तर कुणी पान्याने खोलायच्या भानगडीतच पडत नाही. “ह्याला पाना लावून बघायचा नाय दादा, थेट गॅस,” असं म्हणत मिस्त्री कटिंगचा टॉर्च पेटवतो. नवे यू बोल्ट आधीच आणून ठेवलेले असतात. कुठला बोल्ट वाचवायचा आणि कुठला कापायचा हे पहिल्या दोन मिनिटांत ठरवता येणं, हा या कामातला निम्मा भाग आहे.

लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी पुरतं. त्यात मीठ आलं की दोन गोष्टी होतात. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पृष्ठभाग ओला राहतो. आणि मिठातलं क्लोराइड लोखंडावरचा पातळ संरक्षक थर टिकू देत नाही. पण बोल्ट जाम होण्याचं खरं कारण पुढे आहे. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. किती जास्त, ते गंजाच्या प्रकारावर आणि त्यात किती पाणी बांधलं गेलंय त्यावर ठरतं, दुपटीपासून सहापटीपर्यंत. नट आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्या फटीत गंज फुगतो, त्याला बाहेर यायला वाट नसते, आणि तो दोन्ही बाजूंच्या आट्यांना आतून दाबून धरतो.

शिवाय ती फट दिसते तेवढी छोटी नसते. १० मिलिमीटरचा बोल्ट आणि त्यावर ८ मिलिमीटर उंचीचा नट घेतला, तर दीड मिलिमीटरच्या आट्यांचे सव्वापाच फेरे होतात. हे फेरे उलगडून सरळ केले तर १५ सेंटिमीटरची वाट भरते. वरून मारलेल्या तेलाला त्या वाटेने, गंजाने बुजलेल्या फटीतून, आत मुरायचं असतं. तेल मारलं आणि लगेच पाना लावला तर सुटत का नाही, याचं उत्तर या पंधरा सेंटिमीटरमध्ये आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा शहरातल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. इंजिनं खोलून धुतली गेली, वायरिंग बदललं, सीटा उन्हात वाळल्या. बोल्टांकडे बघायला तेव्हा कुणाला सवड नव्हती, आणि ते साहजिक होतं. पण पुराच्या पाण्याबरोबर बारीक गाळ आट्यांत जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो. त्यामुळे पुरातून वाचलेल्या गाडीचं ब्रेकचं किंवा सस्पेन्शनचं काम निघालं, की जुने मिस्त्री आधी विचारून घेतात, ही गाडी तेव्हाची आहे का. तसं असेल तर वेळ जास्त सांगतात. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हाच अनुभव वेगळ्या कारणाने येतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या गावातही गाडीचं पोट मिरकरवाड्याच्या टेम्पोसारखं होतं.

आता मूळ कामाकडे. रत्नागिरीच्या एका गॅरेजात सायलेन्सरचा पाइप उतरवताना पाहिला, तो प्रसंग बारकाईने सांगण्यासारखा आहे. सायलेन्सरच्या जोडावरचे नट सगळ्यांत वाईट, कारण तिथे पाण्याबरोबर उष्णताही असते; दर वेळी तापणं, दर वेळी निवणं. डिझेल गाडी होती. साठीकडे झुकलेल्या मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. आधी तारेचा ब्रश घेतला आणि नटाच्या खाली बाहेर आलेले आटे घासायला सुरुवात केली. त्यांचा पोरगा जवळ उभा होता. “आधी खालचं घास. नट ह्याच वाटेने बाहेर येणारे,” असं त्याला सांगत होते. बरोबर होतं. नट सुटला तरी त्याला उघड्या आट्यांवरून पुढे यायचं असतं. ते गंजलेले ठेवले तर सुटलेला नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडतो आणि बोल्ट मुरगळून तुटतो.

घासून झालं, मग तेल. तेल मारून मिस्त्री दुसऱ्या गाडीकडे गेले. चहा झाला. परत आले, पुन्हा तेल मारलं, आणि हातोडीने नटाच्या बाजूंवर टकटक सुरू केली. जोरात नाही, पण नेमाने, एकेका बाजूवर. या ठोक्यांनी गंजाच्या थराला बारीक चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते. मग सहा बाजूंची गोटी, म्हणजे सॉकेट, बसवली, आणि पहिला हिसका आवळण्याच्या दिशेने दिला. अगदी किंचित. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण गंजाची पकड मोडायला कुठलीही दिशा चालते, आणि आवळण्याच्या बाजूला सरकलेला बोल्टही सरकलेलाच असतो. नंतर सोडवण्याच्या दिशेने. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला. पाव फेरा सुटल्यावर ते थांबले, परत आत घेतला, तेल मारलं, पुन्हा बाहेर. असं मागेपुढे करत नट बाहेर आला. नवखा माणूस पहिल्या ‘कट्’ला खुशीत येऊन सरळ फिरवत सुटतो, आणि तिथेच बोल्ट तुटतो. सैल झालेली गंजाची भुकटी आट्यांत साठते, ती मागेपुढे केल्याशिवाय बाहेर पडत नाही.

कुठलं तेल, यावर गॅरेजागणिक मत वेगळं. पूर्वी रॉकेल असायचं. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं तसे लोक डिझेलवर आले. काही जण ब्रेक ऑइल टाकतात. ते शिरतं चांगलं, पण रंगावर सांडलं तर रंग खातं. निळा-पिवळा डबा आता तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. डब्ल्यूडी-४० हे नाव त्याच्या जन्माशी जोडलेलं आहे: १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात रॉकेट केमिकल कंपनीने क्षेपणास्त्रांचे पत्रे गंजू नयेत म्हणून पाणी हटवणारं द्रव्य शोधलं, आणि ते चाळिसाव्या प्रयत्नात जमलं. म्हणजे त्याचं मूळ काम पाणी हटवणं. जाम बोल्टासाठी खास बनवलेलं, याहून शिरकाव करणारं तेल वेगळं मिळतं. काही अनुभवी लोक ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं हलवून वापरतात. ते उत्तम चालतं, पण अ‍ॅसिटोन भडकन पेटतो. ते मारून लगेच टॉर्च लावणं म्हणजे आगीला बोलावणं. आणि एक सोपा उपाय मी बऱ्याच ठिकाणी पाहिला: नट तापवायचा आणि त्याला मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण गरम फटीत ओढलं जातं. खर्च काहीच नाही.

तेलाने भागलं नाही की आग. लोक म्हणतात तापवलं की नट फुगतो. फुगतो, पण किती, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. १० मिलिमीटरचं पोलाद ३०० अंशांनी तापवलं तर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावं लागेल एवढं, साडेतीन हिस्से, वाढतं. केसाच्या जाडीच्या निम्मं. तेवढं पुरतं, कारण गंजाचा थर ठिसूळ आहे आणि त्याला तेवढं हलणंही सोसत नाही. म्हणून तापवायचा तो नट, बोल्ट नाही. आणि पटकन तापवायचा, म्हणजे आतला बोल्ट तापायच्या आत बाहेरचा नट वाढतो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातल्या पोलादी बोल्टाला थोडक्या उष्णतेनेही गुण येतो. आसपास रबरी बूट, पेट्रोलची नळी, प्लॅस्टिकच्या क्लिपा असतील तर मात्र आग लावायची नाही. हे सांगायला नको असं वाटेल, पण गाडीखाली पडून काम करणाऱ्याच्या डोक्यात बोल्टाखेरीज दुसरं काही उरत नाही, म्हणून सांगायचं.

हे झालं अडलेल्या बोल्टाचं. गोल झालेल्या बोल्टाची कुळकथा वेगळी. तो बहुतेक वेळा गंजाने नाही, पान्याने गोल होतो.

रिंग पाना आणि गोट्या सहसा बारा खाचांच्या येतात, कारण अडचणीच्या जागी त्या लवकर बसतात. पण बारा खाचांची गोटी बोल्टाला अगदी कोपऱ्याजवळ धरते. सहा बाजूंची गोटी कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर जास्त रेलते. डोकं गंजून थोडं बारीक झालेलं असलं तर हा फरक निर्णायक ठरतो. तरीही गॅरेजात पहिला हात जातो तो बारावाल्याकडे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तोंड उघड्या फिक्स पान्याकडे, जो सहापैकी दोनच बाजू धरतो. जाम बोल्टाला फिक्स पाना लावणं हे मी तरी चूकच मानतो, कितीही घाई असली तरी.

दुसरं कारण मापांचं. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपगाड्या इंचांच्या मापावर बनल्या. १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने ५५ अंशांचे आटे ठरवले, १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचे मांडले, आणि आजचे मिलिमीटरचे आटेही ६० अंशांचेच आहेत. पण डोक्यांची मापं इंचांत वेगळी आणि मिलिमीटरात वेगळी राहिली. मारुती आल्यानंतर गॅरेजांतले पाने मिलिमीटरचे झाले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना चढतो, बसल्यासारखा वाटतो, आणि ०.३ मिलिमीटरची ढिलाई कोपरे खायला पुरते. ९/१६ इंच म्हणजे १४.२९, १४चा चढत नाही, म्हणून लोक १५चा लावतात आणि पाऊण मिलिमीटरच्या खेळात पहिल्याच हिसक्याला डोकं गोल. ३/४ इंच मात्र १९.०५ होतो आणि १९चा पाना त्यावर छान बसतो. एक जमलं म्हणून बाकीचंही जमेल असा समज त्यातूनच होतो. जुन्या जीपवर प्रेम करणाऱ्यांनी इंचांचे पाने आधी घ्यावेत, रंग नंतर द्यावा. आणि विलीजच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात हेही ध्यानात ठेवावं, नाहीतर सोडवायला म्हणून माणूस तासभर आवळत बसतो.

तिसरं कारण ताकद. पान्यांची लांबी कुणी उगाच ठरवलेली नाही. ८ मिलिमीटरच्या, डोक्यावर ८.८ लिहिलेल्या बोल्टाला सुमारे २५ न्यूटन मीटर आवळायचं असतं. २० सेंटिमीटरच्या पान्यावर साडेबारा किलोचा हात पडला की तेवढं होतं. त्याच पान्यात पाइप घालून लांबी ६० सेंटिमीटर केली आणि २० किलोने रेटलं, तर होतात ११८. हा बोल्ट साध्या हिशेबाने आवळण्याच्या दुपटीपर्यंत जायच्या आत तुटू लागतो. म्हणजे पाइप लावला त्या क्षणी, जाम असेल तर बोल्ट तुटणार किंवा गोल होणार हे ठरलेलंच. मोठ्या, जाड बोल्टाला पाइप ठीक आहे. १३च्या डोक्याला पाइप लावणारा पोरगा दिसला की वस्ताद मंडळी ओरडतात, त्याचं कारण हे गणित.

डोकं गोल झालंच, तर उपायांची पायरी असते आणि ती उलटी चढायची नसते. पहिल्यांदा एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवून बघायची. १४चं डोकं गोल झालं असेल तर १३ची. कोपरे गेलेल्या डोक्यांसाठी आतून उलट्या पेचाच्या धारा असलेल्या गोट्याही मिळतात. फिरवताना त्या आणखी आत रुततात. व्हाइस ग्रिप चालते, पण जागा हवी. डोकं बाहेर मोकळं असेल तर छिन्नीने कडेवर खाच पाडून, छिन्नी तिरपी धरून फिरवत नेणं हा जुना मार्ग आजही चालतो. इंजिन ऑइल काढायचा बोल्ट या वाटेने सुटताना पुष्कळदा दिसतो. दर सर्व्हिसला तो गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, खालचा वायसर बदलला जात नाही म्हणून गळतो, गळतो म्हणून आणखी आवळतात.

या सगळ्यांत माझा आवडता उपाय वेल्डिंगचा. डोकं पार गेलं किंवा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, बाहेरून अंगाच्या पातळीशी तुटला, की त्यावर एक नवा नट ठेवतात आणि नटाच्या मधल्या भोकातून वेल्ड भरतात. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवलेला असतो, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळायची भीती. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराजवळ एका गॅरेजात हे पाहिलं. सायलेन्सर मॅनिफोल्डचा ८ मिलिमीटरचा स्टड इंजिनच्या हेडच्या अंगाशी तुटला होता. वेल्डरने तुटलेलं तोंड चकाकेपर्यंत घासलं, नट टेकवला, काच खाली घेतली आणि मध्यातून सुरुवात करून बाहेर गोल भरत आला. मध्यातून सुरुवात महत्त्वाची. कडेने सुरू केलं तर वेल्ड नटाला धरतं, स्टडला धरत नाही. काच वर केली तेव्हा नट लालभडक होता. त्याने हात लावला नाही. लाली गेली, मग राखाडी रंग आला, मग त्याने कडेवर तेलाचा एक थेंब सोडला, चुर्र झालं, धूर निघाला. तेव्हा पाना लावला. पहिल्यांदा हलला नाही. परत आवळायच्या दिशेने एक, सोडवायच्या दिशेने एक. नट हलला, आणि त्याच्याबरोबर स्टड. वेल्डिंगमध्ये दोन कामं एकदम होतात: नवं डोकं मिळतं, आणि बोल्ट आतून असा तापतो की जसा बाहेरच्या टॉर्चने तापत नाही. तो तापून फुगू पाहतो, भोकात जागा नसल्याने दबतो, आणि थंड होताना आकसून गंजापासून सुटा होतो. काही वेळा पहिला नट मोडून येतो. मग दुसरा. वेल्डर त्याला अपयश मानत नाहीत. प्रत्येक वेळी बोल्ट एकदा तापून निवलेला असतो.

हे जमलं नाही तर ड्रिल. ड्रिलमध्ये सगळं मध्यबिंदूवर आहे. पंचाची खूण बरोबर मध्यावर बसली नाही तर ड्रिल एका बाजूला सरकतं आणि अंगाचे आटे खातं. आणि तुटलेल्या बोल्टाचं तोंड सपाट नसतंच, म्हणून आधी कानशीने सपाट करावं लागतं. ८ मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांचा तळ ६.६५ मिलिमीटरवर असतो. बारीक ड्रिलपासून वाढवत साडेसहापर्यंत मध्यावरून गेलात, तर आटे पातळ सालीसारखे उरतात आणि टोकदार टोच्याने वळवून काढता येतात. उलट्या दिशेने कापणारी ड्रिल मिळाली तर पुष्कळदा ड्रिल करतानाच तुकडा बाहेर येऊ लागतो.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल मात्र मी सावध करीन. उलट्या पेचाचं हे निमुळतं हत्यार भोकात ठोकून वळवायचं असतं. पण जाम झालेल्या बोल्टातच ते वापरलं जातं, आणि जो अख्खा असताना हलला नाही तो त्याच्या पोटातल्या बारीक दांड्याने कसा हलणार? एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला की साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. मग हेड उतरवून वर्कशॉपला जावं लागतं. तिथे स्पार्क मशीन असतं. त्याची मुळं १९४३ मधल्या सोव्हिएत संशोधनात आहेत. लाझारेंको या पती-पत्नींनी ठिणगीने धातू झिजवायची रीत शोधली. तांब्याची कांडी तुटलेल्या तुकड्याच्या अगदी जवळ आणतात, तेलात बुडवलेल्या त्या फटीत विजेच्या ठिणग्या पडत राहतात, आणि कितीही कडक पोलाद कणाकणाने झिजतं. ठिणगीला कडक-मऊ असा भेद नाही. तिथे आटेही वाचतात. पण तोवर साध्या कामाचा खर्च कुठल्या कुठे गेलेला असतो.

अ‍ॅल्युमिनियममध्ये सगळंच नाजूक. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचं अंग ओलीत एकत्र आले की दोन धातूंमध्ये बारीक विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं गंजतं. कॉमन रेल डिझेल इंजिनांतले ग्लो प्लग याचे सगळ्यांत अवघड रुग्ण. आट्यांत गंज, खाली टोकाला काजळी. ते तुटले की अर्धा भाग हेडमध्ये राहतो. जाणते मिस्त्री इंजिन गरम करून, तेल मुरवून, टॉर्क पान्यावर मर्यादा लावून मिनिटामिनिटाने पुढे जातात, आणि मर्यादा आली की थांबतात. पेट्रोलच्या स्पार्क प्लगला उलटा नियम: गरम हेडमधून तो काढू नये, मऊ झालेले आटे त्याच्याबरोबर येतात. आटे गेलेच, तर हेलिकॉइलची तारेची गुंडाळी बसवून नवे आटे करता येतात आणि ते मूळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मजबूत ठरतात. लोक हेड बदलायला निघतात, आधी हे विचारावं.

पैशांचंही बोललं पाहिजे. ग्राहकाला नवा पार्ट दिसतो, त्याची किंमत तो देतो. तो पार्ट बसायच्या आधी तीन तास एका स्टडवर गेले, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे मजुरी त्या वेळेची मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून पोरगे घाई करतात, पाइप लावतात, तोडतात. मोठ्या सर्व्हिस सेंटरात तर वेळ आधीच ठरलेला असतो. तिथे अडलेला बोल्ट कारागिराच्या नावावर उशीर म्हणून लागतो. गंजाच्या कामाचे पैसे तासावर द्यावेत, आणि तसं आधी बोलून घ्यावं, असं मला स्पष्ट वाटतं. त्यात ग्राहकाचंही भलं आहे. हेड बदलण्यापेक्षा दोन तासांची मजुरी स्वस्तच पडते.

पण इतकं पाहिल्यावर माझं लक्ष सोडवणाऱ्यापेक्षा आवळणाऱ्याकडे जास्त जातं. बोल्टाचं पुढे काय होणार ते तो बसवतानाच ठरतं. आवळताना लावलेल्या जोराचा दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात. म्हणून गंजका, धुळीने भरलेला बोल्ट हाताला घट्ट लागतो पण धरत नाही, आणि तेलकट बोल्ट त्याच जोरावर जरुरीपेक्षा जास्त ताणला जातो. बसवायच्या आधी आटे तारेच्या ब्रशने साफ करणं, सायलेन्सरच्या नटांना तांब्याचं ग्रीस लावणं, ब्रेकच्या निपलवर रबरी टोपी परत बसवणं, ही मिनिटाची कामं आहेत. निपल आतून पोकळ असतो; टोपी हरवली की पाणी आत जातं, आणि पुढच्या वेळी ब्रेकची हवा काढताना तो मुरगळून तुटतो.

चाकांच्या नटांचं उदाहरण घ्या. साध्या कारच्या चाकाचा नट साधारण १०० ते ११० न्यूटन मीटर आवळायचा असतो. गाडीबरोबर येणारा पाना असतो पाव मीटरचा. ११० सोडवायला त्याच्या टोकावर ४५ किलो लागतात. मध्यम बांध्याचा माणूस पायाने दाबून ते करू शकतो. टायरच्या दुकानात हवेच्या गनने तोच नट अडीचशेपर्यंत गेला असेल, तर लागतात शंभर किलोच्या वर. साठ किलोची बाई पान्यावर उभी राहिली तरी तो हलणार नाही. आंबा घाटात संध्याकाळी पंक्चर झालेलं चाक आणि स्टेपनी डिकीत असूनही मदतीची वाट बघणारं कुटुंब, हे गनच्या त्या दोन सेकंदांमुळे होतं. स्टड ताणले जातात ते वेगळंच. म्हणून टायरवाल्याला सांगावं: गनने फक्त खोला, बसवताना नट हाताने आट्यांवर धरा, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्या. गाडीच्या पुस्तकात आकडा छापलेला असतो, तो दाखवावा. चाकांच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नये. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून घ्यावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा परत तपासावेत, विशेषतः अलॉयची रिम असेल तर, कारण ती नव्याने बसताना थोडी दबते आणि नट सैल पडतात.